लाँग वेच्या चारी सीरीज: रिव्ह्यू, आणि मागनं येणाऱ्या गाडीबद्दल थोडं

लाँग वे राउंड, डाउन, अप आणि होम, मोटरसायकल प्रवासाच्या चारीच्या चारी सीरीज बघून झाल्यात, पहिली तर कितीदा बघितली असेल कुणास ठाऊक. आमच्या कोल्हापुरात रायडिंगचा नाद असलेल्या पोरांच्या मोबाईलवर याच्याच क्लिपा फिरत असतात, आणि त्या बघून "भावा आपण पण निघायचं, पण आधी मोठी गाडी घ्यायची" असं म्हणणारे दर रविवारी गगनबावड्याच्या टपरीवर भेटतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं. आवडलं काय, खटकलं काय, आणि हे बघून गाडी काढणाऱ्यानं काय डोक्यात ठेवायचं ते सगळं.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोघं नट, जिगरी दोस्त. २००४ च्या एप्रिलमध्ये लंडनहून निघाले आणि पूर्वेकडनं जात जुलैच्या शेवटी न्यूयॉर्कला पोचले. युरोप, युक्रेन, रशिया, कझाकस्तान, मंगोलिया, सैबेरिया, मग मगादानहून विमानानं अलास्का, कॅनडा, अमेरिका. गाडीवर म्हणाल तर साधारण ३० हजार किलोमीटर. गाड्या बीएमडब्ल्यू आर ११५० जीएस ॲडव्हेंचर. त्यांना खरं तर केटीएम पाहिजे होती पण केटीएमनं नाही म्हटलं आणि बीएमडब्ल्यूनं हो म्हटलं, आणि त्यानंतर जगभर जीएसचं जे वेड पसरलं त्यात या सीरीजचा वाटा केवढा मोठा आहे हे कुणीही रायडर सांगेल.

पहिली सीरीज मला मनापासून आवडते हे आधीच सांगतो. दोन मित्रांचं एकमेकांवर चिडणं, रुसणं, परत हसणं यातलं काहीच खोटं वाटत नाही. पाऊस पडतोय, गाडी चिखलात आडवी झालीय, अडीचशे किलोचं धूड उचलताना चेहरा लालबुंद, हे ॲक्टिंग करून येत नाही. आणि तिसरा रायडर, क्लाउडिओ फॉन प्लांटा, स्विस कॅमेरामन, याला मी सगळ्यात जास्त मार्क देईन. तेच रस्ते, तोच चिखल, वर कॅमेऱ्याचं सामान, आणि स्वतः फ्रेममध्ये जवळपास नाहीच! पोस्टरवर मात्र दोघंच.

आता मंगोलिया. सगळ्या चार सीरीजमधले माझ्या मते सगळ्यात भारी भाग हेच. रस्ता नाहीच, नुसती चाकोरी, एक चाकोरी फुटून दहा होतात आणि कुठली धरायची कळत नाही, पावसानं सगळं दलदल झालेलं, दोघंही पार खचलेत, परत फिरून रशियातनं पक्क्या रस्त्यानं जावं का अशी बोलणी चाललीत. त्यात गाड्यांच्या फ्रेमचं वेल्डिंग करायची वेळ येते आणि क्लाउडिओची गाडी तर अशी बसते की ती उलानबातरला धाडावी लागते आणि त्याच्यासाठी तिथंच एक रशियन इझ प्लॅनेटा ५ विकत घेतात. साडेतीनशे सीसीच्या आसपासची टू स्ट्रोक, लाल रंगाची, साधी, आपल्या जुन्या येझदीच्या कुळातली वाटावी अशी. आणि ती हलकी गाडी त्या रस्त्यावर जी पळते! या सीरीजनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली सगळ्यात खरी गोष्ट म्हणजे ही लाल गाडी, आणि बहुतेक लोक ती बघून हसतात आणि सोडून देतात. वजनाबद्दल आणि साधेपणाबद्दल जे काही शिकायचंय ते सगळं तेवढ्या भागात आहे.

पण याच भागांत माझा मुद्दा पण सुरू होतो. गाडी बसली आणि ट्रकमध्ये घालून धाडली. कुणी ठरवलं, ट्रक कुणी शोधला, पैशाचं कुणी बोललं, सुटे भाग कुठनं आले? सपोर्ट टीम होती, फोन होते, प्रोड्युसर रस मॅल्किन आणि डेव्हिड अलेक्झानियन होते, ठिकठिकाणी स्थानिक माणसं ठरवलेली होती. निघायच्या आधी लंडनमध्ये ऑफिस टाकून कित्येक महिने तयारी केली, सर्व्हायव्हलचं ट्रेनिंग, फर्स्ट एड, रशियन भाषा, सगळं. हे त्यांनी लपवलेलं नाही, दाखवलंय, त्यासाठी त्यांना मानतो. सपोर्टच्या गाड्या कायम बुडाला चिकटून नव्हत्या, बऱ्याचदा बॉर्डरला नाहीतर मोठ्या शहरात भेटायच्या, हे पण खरं. कझाकस्तानात पोलिसांच्या गाड्या पुढं-मागं आणि गावोगाव स्वागत समित्या होत्या आणि ते दोघं त्याला वैतागले होते, हे पण सीरीजमध्ये आहे. मगादानकडं जाणाऱ्या रोड ऑफ बोन्स नावाच्या रस्त्यावर नद्या फुगलेल्या, तिथं अवजड ट्रकांत बाइक चढवून पलीकडं नेल्या. मी त्यांच्या जागी असतो तर मीही चढवली असती, त्यात काही गैर नाही.

मग अडचण काय? लोक म्हणतात सपोर्ट टीम असली की ते सोपं होतं, खरं ॲडव्हेंचर नव्हे, फसवणूक आहे वगैरे. मला ते पटत नाही. पडल्यावर हाड तेवढंच मोडतं, सपोर्ट असो नसो. पावसात तेवढंच भिजायला होतं. फरक पडतो तो दुसरीकडं. मागनं गाडी येत असली की तुम्हाला अनोळखी माणसाची गरजच पडत नाही, आणि गरज पडली नाही की तो माणूस तुम्हाला नुसता दिसतो, भेटत नाही.

माझाच अनुभव सांगतो. कोल्हापूरहून एकटा नेपाळला निघालो होतो, नागपूर, सिवनी, जबलपूर, प्रयागराज करत सोनौली बॉर्डर. गाडी छोटीच, सामानाचं कॅरिअर उद्यमनगरात बनवून घेतलेलं. कोल्हापूरच्या माणसाला उद्यमनगर काय सांगायचं, पण बाहेरच्यांसाठी सांगतो, तिथं एका गल्लीत लेथ, दुसऱ्या गल्लीत वेल्डिंग, तिसऱ्या गल्लीत फौंड्रीचं काम, आणि कागदावर पेन्सिलनं काढून दिलंत तर संध्याकाळपर्यंत वस्तू हातात. मिस्त्रींनी वेल्डिंगला हात लावायच्या आधी पहिलं वाक्य काय म्हणावं? "आधी बॅटरीच्या वायरी सोडा, मग मी हात लावतो." कारण आता गाड्यांत ईसीयू म्हणजे इंजिनचा छोटा कॉम्प्युटर असतो, ब्रेकसाठी एबीएसचं युनिट असतं, बॅटरी जोडलेली ठेवून फ्रेमवर वेल्डिंग मारलं तर करंट कुठनं कसा फिरेल आणि काय जळेल सांगता येत नाही. हे वाक्य मी लक्षात ठेवलं होतं.

लखनादौनच्या पुढं रस्त्याचं काम चाललेलं, खडी आणि खड्डे, तिथं कॅरिअरची एक पट्टी तडकली. सामान दोरीनं आवळलं आणि सावकाश पुढच्या वस्तीपर्यंत गेलो. वेल्डिंगचं दुकान होतं, ट्रॅक्टरचे नांगर आणि ट्रॉल्या दुरुस्त करणारं, पण लाईट गेलेली. काका म्हणाले "छह बजे आएगी, बैठो." बसलो. खाटेवर. चहा आला, मग त्यांचा पुतण्या आला, मग आणखी दोघं. कोल्हापूर म्हटल्यावर "चप्पलवाला ना?" म्हणून एकानं लगेच माझ्या बुटांकडं बघितलं. अकेले क्यों, घरवाले कुछ नहीं बोले, पगार कितना, गाडी कितना देती है, सगळं विचारून झालं. काकांनी स्वतःचं सांगितलं, तरुणपणी भिलाईला कामाला होते, वडील गेल्यावर परत आले, दुकान टाकलं. सहाला लाईट काही आली नाही. तोवर आतनं जेवण आलं, जाड रोट्या आणि वांग्याची भाजी, आणि हे पाहुण्याला वाढायचं म्हणून केलेलं होतं हे ताटावरनं कळत होतं. लाईट आली तेव्हा पार अंधार पडलेला. मी बॅटरीचं निगेटिव्ह सोडायला लागलो तर काकांनी बघितलं आणि मान हलवली, आणि तिथनं पुढं मी त्यांच्यासाठी शहरातला पाहुणा राहिलो नाही. दोन टाके मारायचं काम. पैसे किती म्हटलं तर वेल्डिंगच्या काडीचे घेतले, जेवणाचं नावच काढू देईनात. रात्री पुढं जायचं नाही, ट्रक चालतात, म्हणून तिथंच झोपवलं.

आता हाच प्रसंग मागं बोलेरो आणि तिच्यात मेकॅनिक असता तर? वीस मिनिटांचं काम. काका दिसले पण नसते. फार तर कॅमेऱ्यात दोन सेकंद, खाटेवर बसलेला एक म्हातारा, वर छान म्युझिक. सीरीजमध्ये जेव्हा जेव्हा माणसं खरी भेटतात ना, ते प्रत्येक वेळी प्लॅन फसल्यावरच. मंगोलियातला मुक्काम घ्या, युक्रेनमध्ये अनोळखी घरी रात्र काढली तो भाग घ्या. प्लॅन ठीक चालू असला की नुसते रस्ते आणि डोंगर.

जोतिबाला पायी जाणारा आणि गाडीनं वर जाणारा, दर्शन दोघांना तेच मिळतं, पण वाडी रत्नागिरीची वाट फक्त एकालाच माहिती असते.

दुसरी गोष्ट वेळेची. लाँग वे डाउन २००७ ची, स्कॉटलंडच्या टोकापासून केपटाऊनपर्यंत, मे ते ऑगस्ट, गाड्या आर १२०० जीएस ॲडव्हेंचर. अख्खी आफ्रिका उभी कापायची आणि तारीख आधीच ठरलेली. त्यांची त्यांच्यातच त्यावरनं भांडणं होतात, इथं थांबायचंय, नाही, पुढं मुक्काम बुक आहे. इथिओपियासारखा देश बघताना मला सतत वाटत होतं की अरे थांबा की गड्या जरा. शूटिंगचं शेड्यूल असलं की हे होणारच. ही सीरीज मला चारीत सगळ्यात कमी आवडली, रस्ते सुंदर आहेत पण धाप लागते बघताना. लिबियात टीममधल्या अमेरिकन लोकांना व्हिसा मिळाला नाही आणि त्यांना सोडून पुढं जावं लागलं, तेवढा भाग मात्र लक्ष देऊन बघा.

कारण तिथनं मी ज्याला सगळ्यात मोठा फरक म्हणतो तिथं येतो: पासपोर्ट. हे एरवी कुठल्याच सीरीजमध्ये फारसं कळत नाही, आणि आपल्याकडच्या पोराला तेच सगळ्यात आधी आडवं येतं. ब्रिटिश पासपोर्टवाला गाडी काढतो आणि युरोपात बहुतेक ठिकाणी त्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही. एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची गाडी घेऊन निघालेल्या माणसाला पहिल्या पाऊलालाच भिंत आहे. वाघ्यावरनं पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान हा जुना रस्ता, साठ-सत्तरच्या दशकात गोरे लोक ज्यावरनं बसनं भारतात यायचे, तो भारतीय गाडीला बंद. म्यानमारमधनं पूर्वेकडं जायचं म्हटलं तर २०२१ च्या लष्करी उठावापासून तोही रस्ता बसला. राहिलं काय? एक नेपाळ, तिबेट, चीन, आणि चीनमध्ये स्वतःची गाडी म्हणजे गाईड सोबत घेणं सक्तीचं, परमिट, तात्पुरतं चिनी लायसन्स, खर्च तोंडात बोटं घालायला लावणारा. नाहीतर मुंबईहून गाडी जहाजानं नाहीतर विमानानं बाहेर काढायची.

त्यात कार्ने. कार्ने दे पासाज म्हणजे गाडीचा पासपोर्ट समजा, मुंबईतली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन देते. गाडी त्या देशात विकणार नाही, परत आणेन, याची हमी, आणि त्यासाठी गाडीच्या किमतीच्या हिशोबानं मोठी रक्कम नाहीतर बँक गॅरंटी अडकवून ठेवायची. म्हणजे गाडी जितकी महाग तितके पैसे जास्त अडकणार! हे एक वाक्य कुणी कोल्हापूरच्या शोरूमबाहेर लावलं तर अर्ध्या पोरांचं भलं होईल. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट त्यामानानं सोपं, आपल्या आरटीओतनं मिळतं, फी १००० रुपये, पण मुदत एकच वर्ष. आणि शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, प्रवासाच्या सहा महिन्यांच्या आत असतानाच टाकता येतो, मिळाला तरी १८० दिवसांत ९० दिवस. आता तुम्ही कोल्हापूरहून निघून मध्य आशियातनं रमतगमत जाणार असाल तर युरोपच्या दारात पोचेपर्यंत तो व्हिसा जिवंत ठेवायचं गणित कसं घालायचं? हे गणित घालण्यात एकट्या रायडरचे महिनोन्‌महिने जातात, आणि टीव्हीवर ते चकचकीत नकाशावर पळणाऱ्या एका लाल रेघेत संपतं.

साध्या नेपाळचंच बघा, भारतीयाला व्हिसा लागत नाही तरी गाडीचं भन्सार, म्हणजे तिकडच्या कस्टमचा परवाना, करावं लागतं. सोनौली ओलांडली की दोन्ही बाजूंनी दलाल धरतात, तिकडं लक्ष न देता सरळ कस्टमच्या खिडकीला जायचं, आरसी आणि लायसन्स द्यायचं, आणि आतला माणूस एकच विचारतो, कति दिन? किती दिवस? त्या खिडकीपाशी उभं राहून तुम्हाला दिवस ठरवावे लागतात आणि तेवढ्या दिवसांचे पैसे भरावे लागतात, वर राहिलात तर दंड. मला ती खिडकी लय आवडली. मागं लाईन, घाम, आणि पुढचा सगळा प्रवास एका आकड्यात सांगायचा.

लाँग वे अप, २०१९ चं शूटिंग, २०२० ला ॲपल टीव्हीवर आली. अर्जेंटिनातल्या उशुआयापासून लॉस एंजेलिस, आणि गाड्या इलेक्ट्रिक हार्ले लाइव्हवायर, मागं रिव्हियनचे इलेक्ट्रिक पिकअप. प्रयोग म्हणून मानायला पाहिजे, थंडीत चार्जिंग होईना म्हणून कुणाच्या तरी घरात, हॉटेलात प्लग शोधत फिरतात ते मस्त आहे, कारण परत तेच, गरज पडली की माणसं भेटतात. पण रस्त्याकडेला कंपनीनं यांच्यासाठी चार्जर बसवून ठेवलेत आणि मेक्सिकोत धोका आहे म्हणून जुनी बस घेऊन बाइक आत घालून जातात, तिथं मी रायडर म्हणून त्या प्रवासाशी जोडलेला राहिलो नाही.

आता दुसरी बाजू, ज्यांच्या मागं कुणी नव्हतं ते. एल्स्पेथ बीअर्ड, लंडनची आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, १९८२ ला जुन्या बीएमडब्ल्यू आर ६०/६ वर एकटी निघाली, स्पॉन्सर नाही, पैसे संपले म्हणून सिडनीत नोकरी केली, आणि तिथंच गाडीला ॲल्युमिनियमच्या पेट्या स्वतःच्या हातानं बनवल्या. भारतातनं गेली, १९८४ ला घरी. टेड सायमन, १९७३ ते १९७७, ट्रायम्फ ५०० वर जगभर, ब्राझीलमध्ये हेर समजून तुरुंगात पण बसला. त्याला वर्तमानपत्राचा आणि कंपनीचा पाठिंबा होता हे पण सांगतो, म्हणजे स्पॉन्सर असणं हे पाप नाही, पण रस्त्यावर तो एकटा होता. भारद्वाज दयाला, विशाखापट्टणमचा, २००६ ला हिरो होंडा करिझ्मा घेऊन जगप्रवासाला एकटा. आजच्या पिढीत नोराली स्खुनमाकर, यूट्यूबवरची इची बूट्स, भूगर्भशास्त्रातली नोकरी सोडून दिल्लीत रॉयल एनफिल्डची हिमालयन घेतली, नाव ठेवलं बसंती, आणि तिथनं जग फिरायला सुरुवात. ती पण आता सेलिब्रिटी झालीय म्हणा, पण बघा ती शूट कशी करते, कॅमेरा रस्त्याकडेला ठेवायचा, पुढनं गाडी न्यायची, मग परत फिरून कॅमेरा उचलायला यायचं. प्रत्येक लांबच्या शॉटमागं तोच रस्ता परत एकदा.

आणि आपला योगेश आळेकरी. मुंबईहून केटीएम ३९० ॲडव्हेंचरवर लंडनपर्यंत रस्त्यानं गेला, २०२५ ला. सगळे अवघड देश पार करून इंग्लंडात पोचला आणि तिथं नॉटिंगहॅमच्या पार्कमधनं दिवसाढवळ्या गाडी चोरीला गेली, सामानासकट, पासपोर्टसकट. ती बातमी वाचून मला रात्री झोप लागली नव्हती. सपोर्ट टीम असती तर दुसरी गाडी आणि एक भावुक एपिसोड. याच्याकडं काय होतं? तर परत अनोळखी माणसंच, तिथल्या रायडर लोकांनी धावपळ केली, एका दुकानदारानं तसलीच दुसरी गाडी दिली आणि तो पुढं आफ्रिकेकडं निघाला. हा प्रवास बघा मंडळी. हा आपला माणूस आहे आणि आपलाच पासपोर्ट घेऊन गेलाय.

गाडीबद्दल शेवटचं, कारण मेसेज त्याचेच जास्त येतात. बीएमडब्ल्यू आर १३०० जीएस भारतात २०२४ ला आली तेव्हा २०.९५ लाख एक्स-शोरूम. हिमालयन ४५० आली २०२३ ला, २.६९ लाखापासून. मधल्या अठरा लाखांत काय काय होतं ते वहीत मांडून बघा, पेट्रोल, व्हिसे, कार्नेचं डिपॉझिट, आणि वर बिनपगारी किती महिने निघतात. ज्यांना मोठी गाडी हौस म्हणून घ्यायचीय आणि परवडते त्यांनी जरूर घ्यावी, नाद करावा, मला आनंदच आहे. पण "मोठी गाडी नाही म्हणून निघालो नाही" हे कारण मला चालत नाही, मंगोलियातली ती लाल इझ डोळ्यापुढं असताना तर नाहीच. तसंच लडाखला बॅकअप टेम्पो आणि मेकॅनिक घेऊन जाणाऱ्या ग्रुपना नावं ठेवू नका. पहिल्यांदा जाणाऱ्याला, घरच्यांना घेऊन जाणाऱ्याला ते बरोबरच आहे. पुढच्या वेळी मात्र एकदा तरी, आंबोली-गोवा का होईना, मागं कुणी नसताना जाऊन या.

लाँग वे होम २०२५ ची, ॲपल टीव्हीवर. इवान स्कॉटलंडच्या घरून निघून युरोपला वळसा घालत चार्लीच्या इंग्लंडातल्या घरी, जुन्या गाड्यांवर, १९७४ ची मोटो गुझ्झी एल्डोराडो आणि बीएमडब्ल्यू आर ७५/५. रस्ते गुळगुळीत, धोका काही नाही, पण दोघांची वयं झालीत, गाड्या म्हाताऱ्या, सारख्या कुरकुरतात, दुरुस्तीला थांबतात आणि थांबले की गप्पा होतात. मला अनपेक्षितपणे आवडली, घरच्यांसोबत बसून बघण्यासारखी आहे.

मार्क द्यायचेच तर राउंड पाचपैकी साडेचार, होम साडेतीन, अप तीन, डाउन अडीच. सुरुवात राउंडपासनंच करा आणि मंगोलिया घाईत बघू नका. ती संपली की लगेच इची बूट्सचा दिल्लीहून निघालेला पहिला सीझन लावा. कार्नेचे, भन्सारचे, सोनौली रूटचे जे काही प्रश्न असतील ते खाली विचारा, मला जेवढं माहितीय तेवढं सगळं सांगतो.